नरनाळ्याचा वेढा आणि माहेरी गेलेलं एक पत्र

आजच्या भागात नरनाळ्याला जायचंय, पण सफारीला नाही.

सन 1437. अकोट तालुक्यातला, सातपुड्यातला हाच किल्ला. दरवाजे आतून बंद. आत वऱ्हाडचा बहमनी सुभेदार खान-ए-जहान अडकून पडलाय. बाहेर खानदेशच्या फौजेचा वेढा. वऱ्हाडचे बरेचसे सरदार फितूर होऊन तिकडं गेलेत. आणि मशिदींत शुक्रवारचा खुतबा, म्हणजे ज्यात राज्यकर्त्याचं नाव जाहीरपणे घेतलं जातं तो, बिदरच्या सुलतानाच्या नावानं वाचायचा सोडून खानदेशच्या नासिर खान फारुकीच्या नावानं वाचला जातोय. थोडक्यात, वऱ्हाड बहमन्यांच्या हातातून निसटलंय.

हे कशापायी झालं? फारसी बखरकारांचं उत्तर एका ओळीचं आहे. सुलतानाच्या राणीनं माहेरी तक्रार केली, म्हणून.

ही राणी नासिर खानाची मुलगी. काही ग्रंथांत तिचं नाव आगा झैनब असं येतं, पण बहुतेक ठिकाणी ती तिच्या किताबानंच ओळखली जाते: मलिका-ए-जहान. जगाची राणी. तिच्या सोयरिकीची गोष्ट आज सांगायचीय. कारण ही गोष्ट जिथं जिथं येते, तिथं 'सवतीमत्सरातून झालेली लढाई' असं म्हणून लोक पुढं सरकतात. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

फोनवर नकाशा उघडा. बुऱ्हाणपूर शोधा, तापीकाठी. त्याच्या पश्चिमेला गुजरात, उत्तरेला माळवा, दक्षिणेला आणि पूर्वेला बहमनी राज्य, म्हणजे आपलं वऱ्हाडसुद्धा. या तिघांच्या मधोमध खानदेशची चिंचोळी पट्टी. तिथं फारुकी घराण्याचं राज्य. तीन धिप्पाड शेजारी आणि मधात एक बारकं घर. असं घर कशाच्या जोरावर टिकतं? कापूस पिकवणारी काळी जमीन होती, उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत उतरायचा रस्ता होता. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मुली. खरंच सांगतो. फारुक्यांनी सोयरिकी इतक्या विचारपूर्वक जमवल्या आहेत की वाचताना बुद्धिबळाचा पट डोळ्यांपुढं येतो.

नासिर खानाच्या बापाचं नाव मलिक राजा. त्यानं माळव्याच्या दिलावर खान घोरीशी चक्क साटंलोटं केलं होतं. दिलावर खानाची मुलगी नासिरला केली, आणि नासिरची बहीण दिलावर खानाच्या मुलाला दिली. हा मुलगा पुढं माळव्याचा सुलतान होशंगशाह झाला. म्हणजे नासिर खान जन्मापासून अशाच घरात वाढला होता, जिथं लग्न हा राज्यकारभाराचाच एक विभाग होता.

हा माणूस भोळाभाबडा नव्हता, हेही सांगून ठेवतो. 1399 मध्ये गादीवर आला, जवळजवळ 38 वर्षं टिकला. बुऱ्हाणपूर त्यानंच वसवलं, खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतांच्या नावानं. आणि आसिरगड त्यानं कसा घेतला याची फिरिश्त्यानं सांगितलेली कथा तर सिनेमासारखी आहे. गडाचा मालक आसा अहिर हा त्याचा स्नेही. नासिरनं त्याला निरोप धाडला, शत्रू मागं लागलाय, माझ्या घरच्या बायकांना गडावर आसरा दे. आसानं होकार दिला. डोल्या गडावर चढल्या, पडदे उघडले, आणि आतून निघाले हत्यारबंद शिपाई. कथेत तिखटमीठ किती, ते बाजूला ठेवू. पण 'माझ्या घरच्या बायका' हे शब्द राजकारणात किती कामाला येतात, ते नासिर खानाला चांगलं ठाऊक होतं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता बिदरकडं. बहमनी सुलतान अहमदशाह वली 1422 मध्ये तख्तावर बसला. त्याचं गुजरात आणि माळव्याशी पटत नव्हतं. वऱ्हाडात तो बराच काळ अचलपूरला मुक्काम करून होता. गाविलगड बांधणं आणि नरनाळ्याची डागडुजी करणं ही कामं त्याच्याच नावावर आहेत. आज आपण चिखलदऱ्याला फिरायला जातो आणि गाविलगडावर सेल्फी काढतो, तो किल्ला मुळात या उत्तरेकडच्या भीतीतून उभा राहिलाय. सातपुड्याचे घाट बंद करायचे होते.

पण किल्ल्यांनी भागत नव्हतं. मधात खानदेश होतं. ते आपल्या बाजूला असलं तर गुजरातचा रस्ता अडतो, नसलं तर शत्रूची फौज थेट वऱ्हाडात उतरते. म्हणून अहमदशाहानं नासिर खानाकडं मागणी घातली: तुमची मुलगी आमच्या शहजादा अलाउद्दीनला द्या. मुलाकडून मागणी आली म्हणून नासिर खानाची कॉलर ताठ झाली असेल, पण त्यालाही गरज होतीच. गुजरातनं त्याला मांडलिकासारखं वागवलं होतं. पाठीशी बिदर उभं राहिलं तर कोणाला नको होतं? वकील आले, करार झाला, मुलगी वाजतगाजत बिदरला गेली. लग्नाचा थाट मोठा होता.

हे 1429 च्या आसपासचं. आणि लगेच या सोयरिकीची परीक्षा झाली. झालावाडचा एक राजा गुजरातच्या सुलतानाशी भांडून नासिर खानाकडं आश्रयाला आला. नासिर खानाची ताकद नव्हती, त्यानं त्याला व्याह्यांकडं, बिदरला पाठवून दिलं. व्याह्यांनी फौज दिली, फौज नंदुरबारकडं गेली, गुजरातकडून मार खाऊन परत आली. पाठोपाठ माहीमच्या बेटावरून बहमनी आणि गुजरात यांची लढाई पेटली. माहीम म्हणजे आत्ताच्या मुंबईतलंच. तिथंही बहमन्यांचा पराभव झाला. नासिर खानानं हे सगळं बघितलं. ज्या आधाराच्या भरवशावर मुलगी दिली, तो आधार गुजरातसमोर टिकत नाही, हे त्याला लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच कळून चुकलं होतं. पत्र आलं 1437 मध्ये. मधे कितीतरी वर्षं गेली बघा.

आता दुसरी बाई. 1436 मध्ये अहमदशाह वारला आणि अलाउद्दीन सुलतान झाला. त्यानं सुरुवातीलाच दिलावर खान नावाच्या वजिराला कोकणात पाठवलं. (हा माळव्याचा दिलावर खान नव्हे, नाव तेच.) संगमेश्वरच्या राजानं शरणागती पत्करली आणि त्याची मुलगी बिदरला आली. कशी आली? 'दिली' म्हणा, 'आणली' म्हणा. फौज दारात उभी असताना या दोन शब्दांत फारसा फरक उरत नाही. फिरिश्ता तिच्या रूपाचं आणि संगीतातल्या जाणकारीचं कौतुक करतो. सुलतान तिच्यावर फिदा झाला आणि तिला नाव मिळालं झेबा चेहरा. काही ठिकाणी परी चेहरा. अर्थ सुंदर मुखडा. संगमेश्वरला, आईबापांच्या घरी, तिला ज्या नावानं हाक मारत असतील ते नाव इतिहासात पोचलंच नाही. त्या दिलावर खानाचं काय झालं, ते मात्र नोंदलेलं आहे. कोकणातल्या राजांकडून लाच खाल्ल्याचा संशय आला आणि त्याला वजिरी सोडावी लागली.

म्हणजे बघा, ज्या दोघींमधे 'सवतीमत्सर' होता असं आपल्याला सांगतात, त्यातली एक तहाच्या बदल्यात आली होती आणि दुसरी मोहिमेच्या शेवटी. दोघींपैकी कोणालाच बिदरला जायचंय का, असं कोणी विचारलं नव्हतं.

मलिका-ए-जहाननं बापाला कळवलं की नवरा त्या दुसरीच्या नादी लागलाय आणि माझी हेळसांड होतेय. साध्या घरातली गोष्ट असती तर बाप चार पाहुणे घेऊन समजूत घालायला गेला असता. पण राणीची हेळसांड म्हणजे फक्त तिचं मन दुखणं नव्हे. ती बिदरच्या जनान्यात खानदेशची वकील होती असं समजा. तिचा मान म्हणजे कराराचा मान. उद्या तिच्या मुलाऐवजी दुसऱ्याच राणीचा मुलगा वारस ठरला तर करारच संपला. त्यामुळं तिची तक्रार खासगी नव्हती, आणि तीही मूर्ख नव्हती. तिला जे काम देऊन पाठवलं होतं, त्याचाच अहवाल ती देत होती.

या काळाच्या बरंच आधी युरोपातही असंच एक लग्न झालं होतं, ते सांगतो म्हणजे ताळा जमेल. 1193 मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप यानं डेन्मार्कची राजकन्या इंगेबोर्ग हिच्याशी लग्न केलं. दुसऱ्या दिवशी तिचा राज्याभिषेक झाला आणि त्याच दिवशी राजानं तिला टाकली. कारण आजवर कोणालाही नीट कळलेलं नाही. त्यानं दुसरं लग्न केलं. इंगेबोर्गनं हार मानली नाही, थेट पोपकडं दाद मागितली. डेन्मार्कचा राजा, म्हणजे तिचा भाऊ, तोही मागं उभा राहिला. 1200 मध्ये पोपनं फ्रान्समधली चर्चची कामं बंद पाडली. लग्नं अडली, दफनं अडली. तरी फिलिप ताळ्यावर यायला 1213 उजाडलं. वीस वर्षं! पण इंगेबोर्गची पत्रं आजही वाचायला मिळतात. तिचं म्हणणं तिच्या शब्दांत आहे. मलिका-ए-जहानचं पत्र आपल्याला मिळतं ते बखरकाराच्या एका वाक्यात. आणि इंगेबोर्गला दाद मागायला पोप तरी होता. इकडं नवऱ्याच्या वर कोणी नव्हतं. होता फक्त बाप, आणि बापाकडं फौज.

आता बापानं त्या पत्राचं काय केलं ते बघा. तो मुलीला आणायला बिदरला गेला नाही. मुलीसाठी जावयाला चार गोष्टी सुनावल्या, असंही नाही. त्यानं आधी गुजरातच्या अहमदशाहाशी संधान बांधलं. (नाव पुन्हा सारखंच, माफ करा. त्या काळी अहमद हे नाव आपल्या वर्गातल्या राहुलसारखं होतं.) म्हणजे ज्याच्या भीतीनं मुलगी बिदरला दिली, त्याच्याच आशीर्वादानं बिदरवर चाल. मग वऱ्हाडातल्या सरदारांना फोडलं. फारुकी स्वतःला खलिफा उमर यांचे वंशज म्हणवत. सरदारांना सांगण्यात आलं की अशा पवित्र कुळातल्या माणसाची चाकरी करणं हे पुण्य, त्याच्यासाठी मेलात तर शहीद. या सगळ्या प्रचारात मुलगी कुठं आहे? कुठंच नाही. खुतबा तिच्या नावानं वाचला नाही, बापाच्या नावानं वाचला.

आमच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर बसला की सगळे आधी बघतात, शेवटचा बदल कोणी केला. त्याच्या माथ्यावर खापर. मग आठवडाभर खणल्यावर कळतं की गडबड पाच वर्षं जुन्या कोडमध्ये होती, शेवटच्या बदलानं ती फक्त वर आली. मलिका-ए-जहानचं पत्र हा असा शेवटचा बदल आहे. वऱ्हाडचे सरदार बिदरवर नाराज होते, ते पत्रामुळं नाही. गुजरातला बहमनी नको होते, ते पत्रामुळं नाही. नासिर खानाला डोल्यांचा उपयोग कसा करायचा ते आसिरगडापासून माहीत होतं. यावेळी त्यानं डोलीऐवजी पत्र वापरलं, एवढंच.

असो. लढाई.

खान-ए-जहान एकटा बिदरशी इमानी राहिला आणि नरनाळ्यात शिरला. बिदरला दरबार बसला. त्या दरबारात दोन गट होते, ते समजून घ्या. एक दख्खनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेले सरदार. हबशी त्यांच्या बाजूचे. दुसरे आफाकी, म्हणजे इराण, इराक, मध्य आशियातून नवे आलेले. दख्खन्यांचं मत पडलं की सुलतानानं स्वतः निघावं. आफाक्यांचा पुढारी खलफ हसन बसरी, दौलताबादचा सुभेदार. हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी. अहमदशाहाला तख्त मिळवून देण्यात त्याचा हात होता, म्हणून 'मलिक-उत-तुज्जार', व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब त्याला मिळालेला. तो म्हणाला, मी जातो, पण माझ्यासोबत एकही दख्खनी नको. माहीमला हरलो ते यांच्या दगाबाजीनं.

सुलतानानं ऐकलं. बखरीत आकडा 3,000 आफाकी धनुर्धाऱ्यांचा आहे. खान-ए-जहान नरनाळ्याहून निसटून मेहकरला त्याला येऊन मिळाला. त्याला अचलपूरच्या बाजूला पाठवण्यात आलं, कारण गोंड शत्रूला मिळायची भीती होती. आणि खलफ हसन घाट उतरून रोहिणखेडला भिडला.

रोहिणखेड म्हणजे बुलडाणा जिल्हा, मोताळा तालुका, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. मलकापूर-बुलडाणा भागातल्या पोरांनी नाव ऐकलं असेल, तिथली 1582 ची जुनी मशीद बघितलीही असेल. दख्खनच्या पठारावरून तापी-पूर्णेच्या खोऱ्यात उतरायची ही वाट, त्यामुळं तिथं एकदा नाही, दोनदा मोठी लढाई झाली. दुसरी 1590 मध्ये, निजामशाहीच्या तख्तासाठी. पहिली ही.

नासिर खान हरला. बुऱ्हाणपूरकडं पळाला. खलफ हसननं पाठलाग केला, बुऱ्हाणपूर लुटलं, महाल जाळले. नासिर खान लळिंगच्या किल्ल्यात गेला. आता मुंबई-आग्रा महामार्गानं धुळ्याकडं जाताना दिसतो तो डोंगर. तिथंही पुन्हा मार खाल्ला. गुजरातची मदत यायच्या आतच, त्याच 1437 च्या सप्टेंबरात तो वारला. बखरकार म्हणतात, अपमानाच्या दुःखानं. तापीकाठी थाळनेरला त्याला पुरलं, बापाशेजारी. पत्र, वेढा, लढाई, पळापळ आणि मरण, सगळं एका वर्षात.

मलिका-ए-जहान तेव्हा कुठं होती? बिदरलाच. नवऱ्याच्या घरी, जिथं बापाचा पराभव झाल्याची खबर विजयाच्या नौबतीसोबत आली असणार. रोहिणखेडनंतरच्या या गोष्टीत ती परत येत नाही. अलाउद्दीन पुढं 1458 पर्यंत राज्य करत राहिला. त्यानं बिदरला मोठा दवाखाना काढला, त्यात हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम दोघेही ठेवले, याबद्दल त्याचं नाव आदरानं घेतात. घ्यावंच.

एक गोष्ट मला फार खटकते. आपल्याला हे सगळं सांगतो कोण? मोहम्मद कासिम फिरिश्ता. त्यानं लिहिलं विजापूरला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे घटनेनंतर साधारण 170 वर्षांनी. आणि तो स्वतः इराणी मुलखात जन्मलेला, म्हणजे आफाकीच. त्याच्या गोष्टीत 3,000 आफाकी अख्खं वऱ्हाड परत जिंकून आणतात आणि दख्खनी दगाबाज ठरतात. अशा गोष्टीला सुरुवातही तशीच साजेशी लागते: एक रुसलेली बाई. सरदार का फितूर झाले, त्यांची तक्रार काय होती, ते लिहायला बसलं तर दख्खन्यांची बाजूही मांडावी लागली असती. बाईवर ढकललं की काम सोपं. आजही आपल्याकडं दोन घरांचं बिनसलं की ऐकू येतंच ना, 'पोरीनं माहेरी फोन केला, अन्‌ तिथून बिघडलं'? देण्याघेण्याचं आधीच फाटलेलं असतं, पण लक्षात राहतो तो फोन.

लढाईचा खरा परिणाम वऱ्हाडात नाही, बिदरच्या दरबारात झाला. खलफ हसन 70 हत्ती घेऊन परतला. शहजादा हुमायूनला त्याच्या स्वागताला शहराबाहेर पाठवलं गेलं. आणि सुलतानानं हुकूम काढला की यापुढं आफाकी उजव्या हाताला, दख्खनी आणि हबशी डाव्या हाताला. बसायच्या जागेवरून ठिणगी पडली. दहाएक वर्षांनी खलफ हसन कोकणच्या मोहिमेत, विशाळगडाच्या जंगलात शिर्क्यांच्या सापळ्यात सापडून मारला गेला. जे आफाकी वाचून चाकणला पोचले, त्यांची दख्खन्यांनी कत्तल केली. हा गटबाजीचा रोग वाढत वाढत 1481 मध्ये महमूद गावानच्या मुंडक्यापर्यंत गेला, आणि मग बहमनी राज्याचेच तुकडे झाले. त्यातला एक तुकडा आपल्या अचलपूरची इमादशाही. ती पुढच्या भागात.

जाता जाता त्या स्वागताच्या दिवसातलं आणखी एक. रोहिणखेडला ज्यांनी पराक्रम केला, त्यांना बक्षिसं वाटली गेली. कोणाला जहागीर, कोणाला किताब. शाह कुली सुलतान नावाचा एक सरदार होता, चंगीझ खानाच्या वंशातला म्हणवणारा. त्याला अलाउद्दीननं आपली मुलगी देऊन टाकली. त्याचं नाव लिहिलंय, कुळ लिहिलंय, त्यानं काय केलं तेही लिहिलंय. ती या गोष्टीत नुसती 'सुलतानाची मुलगी' आहे.